निश्तमलीकरण

निश्तमलीकरण (इंग्रजी वळणाने निक्स्टमलायझेशन) ही मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या किंवा लाकडी राखेच्या अल्कधर्मी पाण्यात शिजवून, त्याच पाण्यात काही तास मुरवून आणि नंतर धुऊन घेण्याची पारंपरिक पाकक्रिया आहे. तिचा उगम मेसोअमेरिकेत, म्हणजे आजचा मध्य व दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला आणि लगतच्या मध्य अमेरिकी प्रदेशात झाला. या क्रियेने दाण्याची कठीण साल सुटते, दळलेल्या मक्याचा मळता येण्याजोगा गोळा होतो, त्याला विशिष्ट स्वाद येतो आणि दाण्यात बद्ध असलेले नायसिन (जीवनसत्त्व ब-३) शरीराला उपलब्ध होते. तोर्तिया, तामाल, पोसोले इत्यादी मेक्सिकन पदार्थांचा पाया हीच क्रिया आहे.

सोळाव्या शतकापासून मका अमेरिकेबाहेर पसरला. परंतु तो शिजवण्याची ही पद्धत त्याच्याबरोबर गेली नाही. मका हेच मुख्य अन्न बनलेल्या युरोपातील आणि पुढे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गरीब वर्गात त्यामुळे पेलाग्रा हा जीवघेणा रोग पसरला. त्याचे खरे कारण समजण्यास सुमारे दोन शतके लागली.

नावाची व्युत्पत्ती

‘निश्तमल’ हा शब्द मध्य मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून आला आहे. अस्तेक साम्राज्याची हीच भाषा होती आणि आजही मेक्सिकोत ती बोलली जाते. ‘नेश्तली’ म्हणजे राख किंवा चुन्याची भुकटी आणि ‘तमल्ली’ म्हणजे शिजवलेल्या मक्याचा गोळा. या दोन शब्दांच्या संयोगातून ‘निश्तमल्ली’ हा शब्द बनला. स्पॅनिश भाषेत त्याचे ‘निश्तमल’ झाले आणि चुन्यात शिजवून धुतलेल्या दाण्यांना हे नाव मिळाले. या दाण्यांवर होणाऱ्या संपूर्ण क्रियेस निश्तमलीकरण म्हणतात.

मक्याशी संबंधित इतर अनेक स्पॅनिश शब्दांचे मूळही नाहुआत्ल भाषेतच आहे. तामाल, पोसोले, आतोले, कोमाल, मेताते ही त्यांपैकी काही उदाहरणे होत. ‘तोर्तिया’ हा शब्द मात्र मूळ स्पॅनिश असून त्याचा अर्थ ‘छोटी चकती’ किंवा ‘छोटा केक’ असा होतो. नाहुआत्ल भाषेत या भाकरीला ‘त्लाश्काल्ली’ म्हणतात. स्पेनमध्ये ‘तोर्तिया’ म्हणजे अंडे व बटाटा यांचे जाड ऑम्लेट होय. मेक्सिकन तोर्तियाशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही.

इतिहास

मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते नावाचे गवत आहे. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात माणसाने या गवतापासून मका लागवडीखाली आणला, असे वनस्पतिशास्त्रीय व पुरातत्त्वीय पुराव्यांवरून मानले जाते. वाहाका राज्यातील गिला नाकित्स गुहेत सापडलेली मक्याची कणसे ६,००० वर्षांहून अधिक जुनी आहेत.

निश्तमलीकरणाचा प्रारंभ नेमका केव्हा झाला हे ठरवणे अवघड आहे, कारण शिजवलेल्या अन्नाचे अवशेष सहसा टिकत नाहीत. ग्वातेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर या क्रियेला उपयुक्त अशी भांडी सापडली असून त्यांचा काळ इ.स.पू. १५०० ते इ.स.पू. १२०० असा मानला जातो. हा आजवरच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक आहे. पुढे माया, अस्तेक आणि इतर मेसोअमेरिकी संस्कृतींत ही क्रिया सार्वत्रिक झाली.

चुना मिळवण्याच्या पद्धती प्रदेशानुसार निरनिराळ्या होत्या. चुनखडीच्या प्रदेशात दगड भाजून चुना तयार करीत. काही माया समाजांत गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख भाजून त्यांचा चुना वापरला जाई. उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी समाजांनी त्याच कामासाठी कठीण लाकडाची राख वापरली. आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या परिसरातील होदेनोशोनी लोक राखेच्या पाण्यात मका उकळून त्याची साल काढीत. ॲरिझोनातील होपी लोक निळ्या मक्याच्या पिठात विशिष्ट झुडपांची राख मिसळतात. त्यामुळे ‘पिकी’ या कागदासारख्या पातळ भाकरीचा निळसर रंग टिकून राहतो.

सॉलोमन कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिका खंडांतील ५१ समाजांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. मक्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेले समाज बहुधा अल्कधर्मी पद्धतीने मका शिजवीत आणि मक्याचा वापर कमी असलेल्या समाजांत ही पद्धत क्वचितच आढळे, असे त्यात दिसून आले. मक्यावर पूर्णपणे विसंबून जगायचे असेल तर ही क्रिया आवश्यक ठरते, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

पारंपरिक कृती

घरगुती पद्धतीत एक किलो वाळलेल्या मक्याला साधारण दोन ते तीन लिटर पाणी आणि मक्याच्या वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास विरवलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) घेतात. मक्याचा वाण, दाण्याचे वय आणि करावयाचा पदार्थ यांनुसार हे प्रमाण बदलते. क्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१. शिजवणे : चुना पाण्यात कालवून त्यात दाणे घालतात आणि मिश्रण उकळीच्या जवळपास तापमानाला ठेवतात. तोर्तियासाठी साधारण अर्धा ते पाऊण तास पुरतो. पोसोलेसाठी दाणे नंतर पुन्हा दीर्घकाळ शिजवले जातात. बोटांनी चोळल्यावर साल सुटू लागली, की दाणे विस्तवावरून उतरवतात. दाण्याचा गाभा या वेळी पूर्ण शिजलेला नसावा लागतो.

२. मुरवणे : दाणे त्याच पाण्यात झाकून ८ ते १६ तास, बहुधा रात्रभर ठेवतात. चुना आणि पाणी दाण्याच्या आत शिरण्याचे काम मुख्यतः या काळात होते.

३. धुणे : वापरलेले पिवळसर, बुळबुळीत पाणी ओतून देतात. या पाण्याला ‘नेहायोते’ म्हणतात. दाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुतात. पोसोलेसाठी साल पूर्ण काढून टाकतात, तर तोर्तियासाठी तिचा काही अंश ठेवला तरी चालतो. फार धुतल्यास स्वाद आणि चिकटपणा दोन्ही कमी होतात. कमी धुतल्यास चुन्याची कडसर चव राहते.

४. दळणे : ओले दाणे दगडी साधनावर वाटून त्यांचा गोळा करतात. त्याला स्पॅनिशमध्ये ‘मासा’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘मळलेले पीठ’ असा असून मराठीतील ‘मासा’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

या कामासाठी खाद्योपयोगी विरवलेला चुनाच वापरावा लागतो. भारतात विड्याच्या पानाला लावला जाणारा चुना रासायनिकदृष्ट्या हाच पदार्थ आहे. कळीचा चुना (कॅल्शियम ऑक्साइड) पाण्यात पडताच तीव्र उष्णता निर्माण होते. त्यामुळे तो आधी विरवून घ्यावा लागतो. बांधकामाच्या चुन्यात अपायकारक अशुद्ध द्रव्ये असू शकतात, म्हणून तो स्वयंपाकात वापरत नाहीत.

रासायनिक प्रक्रिया

विरवलेल्या चुन्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) ११ ते १२ च्या आसपास पोहोचतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात दाण्यामध्ये पुढील बदल घडतात.

मक्याच्या सालीतील पेशींना हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन ही द्रव्ये एकत्र धरून ठेवतात. अल्कामुळे हेमिसेल्युलोजचा मोठा भाग विरघळतो आणि साल सैल होऊन गळून पडते. नेहायोतेचा बुळबुळीतपणा याच विरघळलेल्या द्रव्यांमुळे येतो.

गव्हात ग्लुटेन असल्यामुळे त्याची कणीक लवचीक होते. मक्यात ग्लुटेन नसते. कच्चा मका दळून त्याच्या पिठात थंड पाणी घातले, तर ते एकजीव होत नाही आणि थापताना फुटते. महाराष्ट्रात ज्वारीची किंवा मक्याची भाकरी करताना पीठ कढत पाण्यात मळण्यामागे हीच अडचण आहे. कढत पाण्याने पिठातील स्टार्चचा काही भाग फुगून चिकट होतो. निश्तमलीकरणात हे काम दळण्यापूर्वी, दाण्याच्या आतच होते. स्टार्च अंशतः फुगतो, कॅल्शियमचे आयन पेक्टिन व इतर बहुशर्करांच्या साखळ्या एकमेकींना जोडतात आणि बीजांकुरातील तेलाच्या काही भागापासून पाणी व स्निग्धांश यांना एकत्र धरणारी द्रव्ये तयार होतात. या सर्वांच्या एकत्रित परिणामामुळे मासाचा गोळा पातळ थापता येतो.

कॅल्शियम व पेक्टिन यांच्या जोडणीचा उपयोग इतर पाककृतींतही केला जातो. आग्ऱ्याचा पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात, त्यामुळे त्या पाकात शिजतानाही अखंड राहतात. मेक्सिकोत भोपळ्याच्या पाकातील फोडींसाठी हीच युक्ती वापरली जाते.

अल्कामुळे मक्यातील रंगद्रव्यांवरही परिणाम होतो. पांढऱ्या मक्याला फिकट पिवळी छटा येते आणि निळ्या मक्याचा रंग चुन्याच्या प्रमाणानुसार हिरवट किंवा करडा होतो. ताज्या तोर्तियाचा ओळखीचा वासही अल्कधर्मी शिजवणीतूनच येतो. साध्या मक्याच्या भाकरीला तो नसतो.

पोषणमूल्यांतील बदल

मक्याच्या दाण्यात नायसिन असते, परंतु त्याचा बहुतेक भाग गुंतागुंतीच्या कर्बोदकांशी बद्ध असतो. मानवी पचनसंस्थेला हे बंध तोडता येत नाहीत, त्यामुळे ते नायसिन शरीराच्या उपयोगी न पडता बाहेर टाकले जाते. अल्कधर्मी पाण्यात हे बंध तुटतात आणि नायसिन मुक्त होते.

ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लापासूनही शरीर नायसिन तयार करू शकते. त्यासाठी साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन असे प्रमाण धरले जाते. मक्यात ट्रिप्टोफॅन आणि लायसिन ही दोन्ही ॲमिनो आम्ले कमी असतात. त्यामुळे केवळ मक्यावर जगणाऱ्या व्यक्तीला नायसिन मिळण्याचे दोन्ही मार्ग अरुंद होतात. मेसोअमेरिकी शेतकरी ‘मिल्पा’ पद्धतीने मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घेत. घेवड्यातून लायसिन व ट्रिप्टोफॅन मिळत असल्याने मका आणि घेवडा यांचे एकत्र जेवण प्रथिनांच्या दृष्टीने परस्परपूरक ठरते. पेलाग्रापासून मिळालेले संरक्षण म्हणूनच एकट्या चुन्याचे नव्हे. त्यात या आहाराचाही वाटा आहे.

चुन्यातील कॅल्शियम दाण्यात शोषले जाते, त्यामुळे तोर्तियातील कॅल्शियमचे प्रमाण मूळ मक्याच्या कित्येक पटींनी अधिक असते. दुधासाठी पाळीव जनावरे नसलेल्या प्राचीन मेसोअमेरिकेत कॅल्शियमचा हा महत्त्वाचा स्रोत होता. मक्यावर वाढणाऱ्या बुरशींपासून निर्माण होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन या विषद्रव्यांचे प्रमाणही या क्रियेत घटते. मात्र ती पूर्णपणे नष्ट होत नाहीत, म्हणून बुरशी लागलेला मका केवळ चुन्यात शिजवल्याने सुरक्षित होत नाही.

या क्रियेचे काही तोटेही आहेत. सालीबरोबर तंतुमय पदार्थांचा काही भाग जातो आणि थायमिन, रायबोफ्लेविन यांसारखी जीवनसत्त्वे धुण्याच्या पाण्यात व अल्कामुळे अंशतः नष्ट होतात.

पेलाग्रा

पेलाग्रा हा नायसिनच्या तीव्र अभावामुळे होणारा रोग आहे. उन्हाला उघड्या राहणाऱ्या त्वचेवर, विशेषतः हात, पाय आणि गळ्याभोवती, लाल व नंतर काळपट, खरबरीत चट्टे उठतात. त्यापाठोपाठ अतिसार आणि बुद्धिभ्रंश होतो. उपचार न मिळाल्यास रुग्ण दगावतो.

युरोपातील प्रादुर्भाव

कोलंबसच्या सफरींनंतर मका स्पेनमध्ये आणि तेथून दक्षिण युरोपात पोहोचला. एकरी उत्पन्न अधिक असल्याने उत्तर इटली, दक्षिण फ्रान्स व बाल्कन प्रदेशातील गरीब शेतमजुरांचे ते मुख्य अन्न झाले. इटलीतील पोलेंता आणि रोमानियातील मामालिगा हे मक्याच्या भरडीचे पदार्थ या काळात रोजच्या जेवणात आले. युरोपात धान्य सुकेच दळणाऱ्या गिरण्या आधीपासून होत्या. कोरडा मका त्यांत सहज दळला जाई, त्यामुळे साल काढण्यासाठी चुन्याची गरज कोणाला भासली नाही. चुन्याचा आहाराशी असलेला संबंध तर अमेरिकेतील मूळनिवाशांनाही शास्त्रीय परिभाषेत ठाऊक नव्हता. तो त्यांच्या स्वयंपाकाच्या रीतीत सामावलेला होता. बियाणे समुद्रापार गेले, स्वयंपाकाची रीत मागे राहिली.

स्पेनमधील आस्तुरियास प्रांतातील वैद्य गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये या रोगाचे वर्णन केले. त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १७६२ मध्ये प्रसिद्ध झाले. गळ्याभोवती उठणाऱ्या चट्ट्यांना आजही ‘कासालचा हार’ म्हणतात. मिलानमधील वैद्य फ्रांचेस्को फ्रापोली यांनी १७७१ मध्ये ‘पेलाग्रा’ हे नाव रूढ केले. इटालियन बोलीत त्याचा अर्थ ‘खरबरीत त्वचा’ असा होतो. रोग आणि मका यांचा संबंध अनेकांच्या लक्षात आला होता. परंतु कुजलेल्या मक्यातील विष हे त्याचे कारण असावे, असा समज दीर्घकाळ प्रबळ राहिला.

अमेरिकेतील साथ

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा रोग मोठ्या प्रमाणात दिसू लागला. १९०६ मध्ये अलाबामातील एका मनोरुग्णालयात त्याचा उद्रेक झाला. कापसाच्या मळ्यांतील कुळे व कापडगिरण्यांतील कामगार यांचा रोजचा आहार मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची खारवलेली चरबी एवढाच होता. याच सुमारास नव्या गिरण्यांत मक्याचा बीजांकुर काढून टाकला जाऊ लागल्याने पीठ अधिक टिकाऊ, पण पोषणदृष्ट्या अधिक निकस झाले. १९०६ ते १९४० या काळात तेथे सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे १ लाख लोक त्याने मरण पावले, असा अंदाज आहे.

हा रोग संसर्गजन्य आहे, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे १९१४ मध्ये या रोगाचा तपास सोपवण्यात आला. अनाथालये आणि मनोरुग्णालये येथे राहणाऱ्यांना रोग होतो, पण त्यांच्या सतत सहवासात असलेल्या कर्मचाऱ्यांना होत नाही, हे त्यांनी हेरले. दोघांच्या आहारात मोठा फरक होता. मिसिसिपीतील अनाथालयांत मुलांना दूध, अंडी, मांस व शेंगवर्गीय धान्ये दिल्यावर रोग नाहीसा झाला. १९१५ मध्ये मिसिसिपीतील रँकिन कारागृह-शेतावर शिक्षामाफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना मुख्यतः मक्याचा आणि इतर निकस आहार देण्यात आला; अखेरपर्यंत राहिलेल्या ११ जणांपैकी ६ जणांना पेलाग्राची लक्षणे दिसली. पुढील वर्षी गोल्डबर्गर, त्यांच्या पत्नी आणि सहकारी यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले व रुग्णांच्या शरीरातील इतर स्राव पोटात घेतले. कोणालाही रोग झाला नाही. तरीही रोगाचे मूळ दारिद्र्यात व आहारात आहे, हा निष्कर्ष दक्षिणेतील अनेकांना मान्य झाला नाही. गोल्डबर्गर १९२९ मध्ये निधन पावले, तेव्हा नेमके कमी पडणारे द्रव्य कोणते हे ठरलेले नव्हते.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनराड एल्व्हेजेम यांनी १९३७ मध्ये कुत्र्यांमधील पेलाग्रासदृश रोग निकोटिनिक आम्लाने (नायसिनने) बरा होतो, हे दाखवले. लवकरच माणसांवरही त्याचा गुण दिसला. १९४० च्या दशकात पिठात जीवनसत्त्वे मिसळण्यास सुरुवात झाली. लोकांचे उत्पन्न व आहारही सुधारला आणि अमेरिकेतील साथ ओसरली. चुन्यात शिजवलेला मका आणि कच्चा मका यांची तुलना करणारे प्राण्यांवरील प्रयोग १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. मका हेच मुख्य अन्न असूनही मेक्सिकोत हा रोग तुलनेने दुर्मीळ का, या जुन्या कोड्याची उकल त्यानंतर होत गेली.

नंतरच्या घटना

पेलाग्रा पूर्णपणे इतिहासजमा झालेला नाही. मलावीमध्ये आश्रय घेतलेल्या मोझांबिकच्या निर्वासितांना शिधा म्हणून मुख्यतः मका मिळत होता. त्यांना नायसिन पुरवणाऱ्या भुईमुगाचा पुरवठा खंडित झाल्यानंतर १९९० मध्ये सुमारे १८,००० जणांना पेलाग्रा झाल्याची नोंद आहे.

भारतातील संदर्भ

भारतात मका उत्तरेकडील व मध्य भारतातील अनेक भागांत भाकरी-रोटीच्या रूपाने खाल्ला जातो. परंतु तो बहुधा कोरडाच दळला जातो. चुन्यात मका शिजवण्याची रीत येथे रुजली नाही. डाळी, दूध व ताक यांची जोड असलेल्या आहारात त्यामुळे सहसा बाधा येत नाही.

दख्खनच्या पठारावर मात्र पेलाग्राचे रुग्ण ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब वर्गात आढळले. ज्वारीतील नायसिन व ट्रिप्टोफॅन यांच्या प्रमाणावरून त्याचा पुरेसा उलगडा होत नव्हता. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मत मांडले, की ज्वारीत व मक्यात विपुल असलेले ल्युसिन हे ॲमिनो आम्ल शरीरातील नायसिनच्या निर्मितीत वा वापरात अडथळा आणत असावे. या मताच्या बाजूने व विरुद्ध दोन्ही प्रकारचे प्रयोग पुढे झाले आणि त्यावर एकमत झालेले नाही. एकाच धान्यावर विसंबलेला आहार धोकादायक ठरतो, हा निष्कर्ष मात्र मका व ज्वारी या दोन्ही बाबतींत सारखाच आहे.

साधने

मेताते : तीन पायांचा, किंचित खोलगट व उतरता दगडी पाटा. त्यावर ‘मानो’ नावाच्या लांबट दगडाने दोन्ही हातांनी वाटतात. महाराष्ट्रातील पाटा-वरवंट्याशी त्याचे साम्य आहे. मेतातेवर वाटताना मात्र गुडघ्यांवर बसून पुढेमागे जोर द्यावा लागतो.

कोमाल : तोर्तिया भाजण्याचा सपाट तवा. पारंपरिक कोमाल भाजलेल्या मातीचा असतो आणि पीठ चिकटू नये म्हणून त्याला चुन्याचे पाणी फासतात. आता लोखंडी व पत्र्याचे कोमाल अधिक वापरले जातात.

मोल्काहेते : मिरची, टोमॅटो व मसाले वाटण्याचा तीन पायांचा दगडी खल.

मोलिनो : ओला निश्तमल दळण्याची गिरणी.

निश्तमलापासून होणारे पदार्थ

तोर्तिया : मासाच्या लहान गोळ्या हातावर थापून किंवा दाबयंत्रात दाबून केलेली पातळ भाकरी. ती कोमालवर दोन्ही बाजूंनी भाजतात. चांगल्या मासाची तोर्तिया भाजताना फुगते. तिच्यात भाजी किंवा मांस घालून दुमडल्यास ताको, रस्सा लावून गुंडाळल्यास एन्चिलादा आणि कुरकुरीत तळल्यास तोस्तादा असे पदार्थ होतात.

तामाल : मासात चरबी फेटून, मध्ये सारण भरून, मक्याच्या कणसाच्या सालीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ.

पोसोले : साल काढलेले टपोरे दाणे मांसासह फुलेपर्यंत शिजवून केलेला रस्सा. त्यासाठी काकावासिंत्ले हा मोठ्या दाण्यांचा वाण पसंत करतात.

आतोले : मासा पाण्यात किंवा दुधात कालवून शिजवलेले दाटसर गरम पेय. त्यात चॉकलेट घातल्यास त्याला चाम्पुरादो म्हणतात.

पुपुसा : सारण भरून भाजलेली एल साल्व्हाडोरमधील जाड भाकरी.

होमिनी : अमेरिकेतील साल काढलेल्या मक्याचे नाव. ते व्हर्जिनिया परिसरातील मूळनिवाशांच्या भाषेतून इंग्रजीत आले. पूर्वी राखेच्या पाण्यात, तर पुढे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातही साल काढली जाऊ लागली.

मक्याचा प्रत्येक मेक्सिकन पदार्थ निश्तमलापासून होत नाही. ‘पिनोले’ हे भाजलेल्या मक्याचे पीठ आणि ‘एलोते’ म्हणजे ओले कणीस, हे दोन्ही चुन्याशिवायच केले जातात.

श्रम, गिरणी आणि उद्योग

विसाव्या शतकापूर्वी मेक्सिकोतील घरोघरी दळणाचे काम स्त्रियाच करीत. पहाटे उठून मेतातेपुढे गुडघ्यांवर बसणे आणि कुटुंबाला पुरतील एवढ्या तोर्तिया करणे यात दिवसाचे अनेक तास जात. मासा शिळा झाल्यावर आंबत असल्याने हे काम रोजच करावे लागे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोलिनो गावोगावी पोहोचल्या. लासारो कार्देनास यांच्या राजवटीत (१९३४–१९४०) ग्रामीण स्त्रियांच्या संघटनांनी गिरण्यांची मागणी केली आणि त्यांपैकी अनेकींना गिरण्या मिळाल्या. पाठोपाठ तोर्तिया करणारी स्वयंचलित यंत्रे आली.

१९४९ मध्ये न्वेव्हो लेओन राज्यातील सेर्राल्व्हो येथे ग्रुमा या उद्योगाची सुरुवात झाली. निश्तमल दळून, वाळवून केलेले कोरडे पीठ (मासा आरिना) त्याने बाजारात आणले. पाणी घालताच मासा तयार होत असल्याने ते शहरांत व परदेशांत लोकप्रिय झाले. ताज्या निश्तमलाच्या तोर्तियांना अधिक चांगला स्वाद व लवचीकपणा असतो, असे मानणारा वर्गही मोठा आहे.

मोठ्या कारखान्यांपुढील मुख्य प्रश्न नेहायोतेचा आहे. हे पाणी तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. प्रक्रिया न करता सोडल्यास ओढे-नद्यांतील प्राणवायू घटतो. पाणी कमी लागणाऱ्या पद्धती आणि नेहायोतेतील उपयुक्त द्रव्ये वेगळी करणे यांवर संशोधन चालू आहे.

सांस्कृतिक महत्त्व व सद्यस्थिती

माया लोकांच्या ‘पोपोल वूह’ या ग्रंथातील सृष्टिकथेनुसार देवांनी माणसाला मक्याच्या पिठापासून घडवले. मेक्सिकोत तोर्तिया हे आजही दैनंदिन अन्न असून तिची किंमत हा राजकीय प्रश्न ठरतो. मक्याचे भाव वाढल्याने जानेवारी २००७ मध्ये मेक्सिको शहरात तोर्तियाच्या महागाईविरुद्ध मोठी निदर्शने झाली आणि सरकारला भावनियंत्रणासाठी उत्पादकांशी करार करावा लागला.

२०१० मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाकपरंपरेचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला. त्या नोंदीत मिल्पा शेती, निश्तमलीकरण आणि मेतातेसारखी दगडी साधने यांचा उल्लेख आहे. मेक्सिकोतील अनेक गावांत आजही रात्री मका चुन्याच्या पाण्यात मुरत ठेवला जातो आणि सकाळी तो मोलिनोवर दळून आणला जातो.